फुकट फोनाची उचल

ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याकडे निघण्यापूर्वी मुकादम मजुराच्या हातावर उचल ठेवतो. त्या उचलीचे दावे एकदा गळ्यात पडले की हंगाम संपेपर्यंत सुटत नाही, हे बीड-पाथर्डीकडील कार्यकर्त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. दूरसंचार क्षेत्रातील भांडवलदारांनी नेमकी हीच रीत उचलली आणि तिला 'सवलत' असे गोंडस नाव दिले.

२१ जुलै २०१७ रोजी रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानी यांनी जिओफोनची घोषणा केली. फोनाची किंमत शून्य. केवळ १५०० रुपये अनामत, तीही तीन वर्षांनी परत! वृत्तपत्रांनी जयजयकार केला. अटी मागाहून बाहेर आल्या. ग्राहकाने दरवर्षी किमान १५०० रुपयांचे रिचार्ज केले पाहिजे, न केल्यास फोन काढून घेण्याचा अधिकार कंपनीचा. त्या फोनात अन्य कंपनीचे सिमही चालत नव्हते. म्हणजे तीन वर्षांत ४५०० रुपयांच्या गिऱ्हाइकीची हमी, आणि वर गरिबाचेच १५०० रुपये बिनव्याजी वापरायला. सावकारसुद्धा कर्जदाराकडून अनामत मागत नाही.

याआधीचा इतिहासही विसरता कामा नये. ५ सप्टेंबर २०१६ पासून मार्च २०१७ अखेरपर्यंत जिओने सेवा विनामूल्य दिली. एवढा तोटा पोटात घालण्याची ऐपत ज्याच्याजवळ, तोच अशा स्पर्धेत टिकतो. एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटांनी आपला मोबाइल व्यवसाय एअरटेलच्या पदरात टाकला, व्होडाफोन आणि आयडिया यांना २०१८ मध्ये एकत्र यावे लागले. खाजगी मैदानात तीनच उरले, आणि मग स्वस्ताईचे नाटक संपले. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशा तीन मोठ्या दरवाढी झाल्या. शेवटच्या वाढीची घोषणा तर तिघांनी दोन दिवसांच्या आत केली! जिओचा रोज दीड जीबीचा २३९ रुपयांचा प्लॅन २९९ रुपयांवर गेला. खुल्या स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्या अर्थपंडितांनी या योगायोगावर काही लिहिल्याचे आमच्या वाचनात आले नाही.

मोबाइलमुळे श्रमिकाचे जीवन सुकर झाले, हे आम्ही नाकारीत नाही. परगावी बांधकामावर गेलेला मजूर रात्री आपल्या लेकरांचा चेहरा पाहतो, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु याच जिव्हाळ्यावर नफ्याचा पाया घातला गेला आहे. महिना अठ्ठावीस दिवसांचा कोणत्या पंचांगात असतो? कामगाराला पगार वर्षातून बारा वेळा मिळतो, रिचार्ज मात्र तेरा वेळा. २९९ च्या हिशेबाने वर्षाला ३८८७ रुपये होतात. त्यातला तेरावा हप्ता ही निव्वळ लूट आहे. २०२२ मध्ये नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, तीस दिवसांची किमान एक योजना ठेवण्याची सक्ती केली. कंपन्यांनी ती ठेवली, आणि अठ्ठावीस दिवसांचे दुकानही तसेच चालू ठेवले. शिवाय रोजच्या डेटातील न वापरलेला भाग मध्यरात्री बुडतो. दिवसभर यंत्रावर उभा असणारा कामगार तो वापरणार केव्हा? पैसे मात्र पूर्ण मोजलेले असतात.

सर्वांत क्रूर भाग किमान रिचार्जचा. एके काळी थोडी शिल्लक ठेवून महिनोन् महिने येणारे फोन घेता येत. २०१८ च्या अखेरीस ३५ रुपयांच्या किमान रिचार्जची अट आली. एअरटेलच्या ग्राहकासाठी तो आकडा २०२४ मध्ये १९९ वर पोचला. त्यात डेटा आणि अमर्याद बोलणे मिळते, हे खरे. पण ज्या म्हातारीला फक्त मुलाचा फोन घ्यायचा आहे, तिने हे कधी मागितले होते? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केवळ बोलणे व संदेश यांच्या स्वतंत्र योजना काढण्यास सांगितले. जिओने अशा ८४ दिवसांच्या योजनेचा दर ४४८ रुपये ठेवला. डेटा गेला, ओझे राहिले.

यात राज्यसंस्थेचा वाटा कोणता? फोन ऐच्छिक राहू नये, अशी व्यवस्था तिने केली. पिकाची नोंद २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर. रोजगार हमीची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवर. लाडक्या बहिणीची ओळख पटवायची तर फोनवर आलेला ओटीपी हवा. हक्काच्या वाटेवर कंपनीचा टोलनाका बसवला आहे आणि सरकार तेथे पावती फाडते! दुसरीकडे, जी बीएसएनएल या मक्तेदारीला लगाम घालू शकली असती, तिच्या ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना २०२० मध्ये स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी पाठवण्यात आले. तिच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे उद्‌घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले, खाजगी कंपन्या फाइव्ह-जी विकू लागून जवळपास तीन वर्षे झाल्यानंतर.

दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांकडून काढून घ्यावी, महिना पंचांगाचा धरावा, येणारा फोन कधीही बंद करू नये आणि ज्या सरकारी कामासाठी फोन सक्तीचा आहे त्याचा खर्च सरकारने सोसावा, या मागण्या घेऊन शाखांनी वस्त्यांत गेले पाहिजे. पुढील बैठकीस येताना प्रत्येक सभासदाने आपल्या घरातील साऱ्या फोनांचा वर्षाचा खर्च कागदावर मांडून आणावा. तहसील कचेरीवर निवेदन नेताना ते कागद सोबत जोडता येतील.