क्रूस आणि राष्ट्रध्वज

क्रूस आणि राष्ट्रध्वज एकाच काठीला बांधू पाहणारे अमेरिकेतील परंपरावादी ख्रिस्ती आम्हांस पटत नाहीत. ज्या राष्ट्रनिष्ठेच्या प्रतिज्ञेचा ते दाखला देतात, ती १८९२ साली फ्रान्सिस बेलामी या बाप्टिस्ट पाळकाने लिहिली. तिच्यात देवाचे नाव नव्हते! ते १९५४ साली आले, आणि त्यासाठी झटली ती आपल्याच कॅथलिकांची ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ ही संघटना. मग १८४४ चे विस्मरण कसे झाले? शाळेत कोणते बायबल वाचावे, या वादातून फिलाडेल्फियात ‘आम्हीच खरे अमेरिकन’ म्हणविणाऱ्या प्रॉटेस्टंट जमावाने सेंट मायकल व सेंट ऑगस्टीन ही दोन कॅथलिक चर्चे जाळली. आज त्या ‘वारशा’च्या दारी कॅथलिकही पहारा देतात, आणि दाराबाहेर अडविलेल्यांत स्पॅनिशमध्ये रोझरी म्हणणारे आपलेच धर्मबंधू असतात.