पंख्या

तान्ह्या पोळ्याला मोहगावात एक पोरगी लाकडी नंदी ओढत चालली होती. शिंगांना बेगड, अंगावर झूल, आणि पाठीवर सुतळीनं बांधलेले पुठ्ठ्याचे दोन पंख. तिच्या शाळेच्या दप्तरावर पांढऱ्या घोड्याचं चित्र आहे. त्याला कपाळावर एक शिंग आहे आणि खांद्यांना पंख. नंदी तसाच दिसावा म्हणून हा खटाटोप. नाव काय ठेवलं, विचारलं तर म्हणाली, "पंख्या." शिंग्या का नाही? "शिंगं त सगळ्यायलेच राह्यते!"

बाजूच्या कॉलेजातल्या पोरानं लगेच दुरुस्ती केली, "अ‍ॅलिकॉर्न म्हणतात त्याला." मला ही दुरुस्ती मान्य नाही.

'अ‍ॅलिकॉर्न'ची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. लॅटिनमधल्या एकशिंगी 'युनिकॉर्निस'चं फ्रेंचमध्ये 'युनिकॉर्न' झालं. पहिलं अक्षर म्हणजे 'एक' असं समजून लोकांनी ते तोडलं, उरलेल्या 'इकॉर्न'ला पुढं उपपद चिकटलं आणि शब्द झाला 'लिकॉर्न'. इटालियनमध्ये तोच 'अलिकॉर्नो'. ओडेल शेपर्ड या अमेरिकन अभ्यासकानं 1930 साली एकशिंग्यावर पुस्तक लिहिलं, त्यात 'अ‍ॅलिकॉर्न' म्हणजे नुसतं शिंग. विषावर उतारा म्हणून युरोपात राजेरजवाडे सोन्याच्या भावानं घेत ते. मुळात तो नारव्हाल या समुद्री प्राण्याचा सुळा! पंखांचा त्या शब्दाशी काडीचा संबंध नव्हता. पण लॅटिनमध्ये 'आला' म्हणजे पंख, त्यामुळं पंखवाल्या एकशिंग्याला तो शब्द आयता चिकटला, आणि 2010 साली सुरू झालेल्या 'माय लिटल पोनी'च्या कार्टूनमालिकेनं तो घरोघरी नेला. पंखवाला घोडा 'पेगासस' आणि 'युनिकॉर्न' जोडून 'पेगाकॉर्न'ही झाला. भाषा अशाच चालतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण तोडमोडीतून निघालेला शब्द शुद्ध आणि आमच्या पोरीचा गावंढळ, हे कुठलं माप?

तिनं नाव ठेवलं ते कास्तकाराच्या रीतीनं. पांढरा तो ढवळ्या, खैराच्या रंगाचा तो खैऱ्या. पहिल्या नजरेत जी खूण दिसते, तिला 'या' लावला की नाव तयार. बैलांच्या गावात शिंग ही खूण होऊच शकत नाही, पंखच खूण. इतका नेमका विचार कोशकारालाही सुचला नसता.

जोड-देहांना नाव देणं आपल्याला नवं नाही. याच मोहगावात सर्पा नदीकाठी अर्धनारीश्वराचं देऊळ आहे. शब्द उच्चारला की मूर्ती डोळ्यांपुढं उभी राहते, कोश उघडावा लागत नाही. नरसिंह, गजानन, हयग्रीव या नावांतही देहाचा हिशेब चोख आहे. मोहगाव मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्णा भागात; इथं घरची भाषा मराठी आणि शाळेची हिंदी. इथल्या पोरांना तिसरीकडून आलेलं नाव पाठ करायला लावण्याआधी त्यांच्या तोंडी काय आलं, ते ऐकावं. मुलांची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी, कार्टून मराठीत आणणाऱ्यांनी 'पंख्या' बिनदिक्कत छापावा.

देवळाच्या वळणावर नंदीचा एक पंख सुटला. पोरीनं तो दातांत धरला, सुतळीला नवी गाठ मारली आणि दोर ओढत म्हणाली, "चाल रे, पंख्या."