सरासरीच्या पडद्याआड

बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांच्या सीमेलगत, बसवकल्याण तालुक्यात कोहिनूर नावाचे गाव आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी-कानडी मुलूख म्हैसूर राज्याकडे आला. सीमाभाग म्हटला की आपल्याला भाषेचा आणि भूभागाचा वाद आठवतो. आज आम्हाला लिहावयाचे आहे ते त्याहून साध्या, पण रोजच्या जगण्याला भिडणाऱ्या गोष्टीविषयी. तुरीच्या पट्टीतून खताचे देणे भागविण्यासाठी शेतकरी दुकानात मोबाइल काढतो; पडद्यावरचे चक्र फिरत राहते; पैसे गेले की राहिले, हे ना त्याला उमगते, ना दुकानदाराला. सिग्नलच्या दांड्या मात्र भरलेल्या दिसतात. हे दृश्य सीमेवरील खेड्यांत काय, आपल्या सत्तरी-काणकोणात काय, कोणालाच अपरिचित नाही.

जाहिराती होतात त्या वेगाच्या. परंतु वेग आणि विलंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळाची तोटी केवढी मोठी, हा झाला वेग. तोटी सोडल्यावर पाणी किती वेळाने आले, हा झाला विलंब. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. हजार किलोमीटर जाऊन परतण्यास त्याला १० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग, पुरतो. मग ग्राहक ताटकळतो तो अंतरामुळे नव्हे, तर बहुतांशी वाटेतल्या रांगांमुळे. सायंकाळी चित्रफितींची पाकिटे मनोऱ्यापाशी दाटली की त्यांच्यामागे पैशाचे चिमुकले पाकीटही तिष्ठत राहते. दूरध्वनीवरील संभाषण सुरळीत व्हावे म्हणून आवाज एका दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा संकेत आहे. यूपीआयच्या व्यवहारात उत्तरासाठी दिलेली ३० सेकंदांची मुदत १६ जून २०२५ पासून १५ सेकंदांवर आणण्यात आली. मुदती अशा आखडत असताना रांग नेमकी कोठे लागते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

ते पाहण्याची रीत उपलब्ध आहे. प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, दोन्हींकडील दारांचे क्रमांक आणि दळणवळणाची पद्धत अशा पाच खुणा असतात. या पाचही खुणा जुळणारी पाकिटे म्हणजे एक प्रवाह. संवाद सुरू होताना एका बाजूने हाक जाते, दुसरीकडून ओ येते; हाक आणि ओ यांमधला काळ वाटेत उभे राहून मोजता येतो. टपालाची पिशवी किती वेळ पडून राहिली हे कळण्यासाठी पत्र फोडावे लागत नाही, तसेच हे आहे. मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या नव्या पद्धतीत पाकिटावरील बहुतेक मजकूर गूढलिपीत गेला. तरीही त्यात एक खूण ऐच्छिक म्हणून उघडी ठेवली आहे. ती प्रत्येक फेरीला पालटते, आणि तिच्यावरून फेरीचा वेळ समजतो. सारांश, मजकूर उघडल्यावाचून विलंब मोजताच येत नाही, ही सबब टिकणारी नाही.

प्रश्न आहे तो मोजल्यानंतरचा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २ ऑगस्ट २०२४ रोजी सेवेच्या दर्जाचे नवे विनियम जारी केले. त्यांत विलंबाचाही समावेश आहे. जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून अधिक काळ खंडित झाली, तर ग्राहकाला भरपाईची तरतूदही आहे. हे पाऊल स्वागतार्ह होय. परंतु सेवा बंद पडली तर भरपाई आणि रोज रखडली तर केवळ मनस्ताप, असा हा न्याय आहे. शिवाय दर्जाचे अहवाल सेवाक्षेत्रवार निघतात. कोहिनूरचे रखडणे बेंगळुरूच्या चपळाईत विरघळून जाते. आणि आपण तरी कोणत्या क्षेत्रात मोडतो? मुंबई महानगर वगळता अवघा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सेवाक्षेत्र आहे. म्हणजे सांग्याच्या डोंगरातील वाडीचा विलंब पुण्या-नागपूरच्या आकड्यांत बुडून जातो. टाळेबंदीच्या काळात सह्याद्रीच्या कुशीतील मुलांना शिक्षणासाठी टेकड्या चढाव्या लागल्या, त्यांचे हाल कोणत्याही सरासरीत दिसले नसते.

यात एक धोका आहे आणि तो दृष्टीआड करून चालणार नाही. जो प्रवाह ओळखता येतो, तो अडविताही येतो. ज्याने जादा पैसे मोजले त्याचे पाकीट पुढे, इतरांचे मागे, हा मोह कंपन्यांना होऊ शकतो. ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमाने मजकुरानुसार भिन्न दर आकारण्यास मनाई झाली. २०१८ मध्ये सरकारनेही समान वागणुकीचे तत्त्व मान्य केले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. तेव्हा मोजणीला मर्यादा हवी: पाहावयाचे ते पाकिटावरचे, आतले नव्हे, वेळ टिपला की पत्ते पुसावेत, आणि उरावा तो केवळ मनोरा, प्रहर आणि विलंब यांचा हिशेब.

तो हिशेब मात्र लोकांसमोर आला पाहिजे. प्रत्येक मनोऱ्याचा, निदान प्रत्येक तालुक्याचा, आणि सरासरीचा नव्हे तर शंभरांतील सर्वांत रखडलेल्या पाच प्रवाहांचा. ग्रामपंचायतीच्या फलकावर तो लागला, तर कोहिनूरच्या शेतकऱ्याला आणि काणकोणच्या दुकानदाराला दाद मागण्यासाठी हाती काही तरी राहील. सेवेचे पैसे दोघेही बेंगळुरू-पुण्याच्या ग्राहकासारखेच आगाऊ भरतात. मग त्यांना मिळालेल्या सेवेची मोजदाद परक्या शहराच्या नावावर का मांडली जावी?