इमान विकत घेणे आहे

आमच्या यवतमाळात माणसाने काय विकत घ्यावं याचे काही अलिखित नियम आहेत. म्हैस घेतली तर शेजारी दुधाचा भाव विचारतात. ट्रॅक्टर घेतला तर हप्ता विचारतात. प्लॉट घेतला तर नुसतंच 'वा!' म्हणतात आणि घरी जाऊन बायकोशी भांडतात. पण 'मला एक छोटं विमान घ्यायचं आहे' एवढं नुसतं म्हणून बघा. कोणी किंमत विचारत नाही, हप्ता विचारत नाही. लोक सरळ तब्येत विचारतात.

"काऊन गा भाऊ, झोप-गिप बराबर येऊन राह्यली ना?" हा प्रश्न मला या गावात निरनिराळ्या आठ माणसांनी विचारलेला आहे, आणि त्यांतला एक डॉक्टर होता. आमच्या सौ.चं मत जास्त व्यवहारी पडलं. त्या म्हणाल्या, "आधी माळ्यावरचा कूलर खाली काढा. मग खुशाल वर जा."

आमच्या वऱ्हाडीत विहिरीची इहीर होते आणि विमानाचं इमान होतं. त्यामुळे 'त्याचं इमान उडालं' या वाक्याचे आमच्याकडे दोन अर्थ निघतात. दुसऱ्या अर्थाची उदाहरणं गल्लोगल्ली सापडतात. पहिल्या अर्थाचं एखादं निघालं, की सगळं गाव दात काढतं. माझं भांडण आहे ते या दात काढण्याशी.

तुम्ही म्हणाल, विमान ही काय आपल्यासारख्यांची वस्तू आहे? हेच, हेच ते! विमान म्हणजे वरून कोणीतरी आपल्याकडे पाठवायची वस्तू, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळली आहे. पुष्पक कुबेराचं होतं, ते रावणाने हिसकावलं. तुकोबांना न्यायला विमान आलं ते वैकुंठाहून. आणि आता येतं ते निवडणुकीच्या दिवसांत, राजधानीतून. पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरताना तोंडावर उडालेली धूळ खाणं हा आम्ही आमचा मूलभूत हक्क मानतो. पोराला खांद्यावर घेऊन दोन-दोन तास उन्हात उभे राहतो. पण त्याच पोराने घरी येऊन 'बाबा, मला असं एक बनवायचं आहे' म्हटलं की त्याला गणिताचे मार्क विचारतो.

लहान विमान म्हणजे नेमकं काय, हेही आपण कधी विचारत नाही. जगात सगळ्यात जास्त बनलेलं विमान जंबो नाही, लढाऊही नाही. ते आहे सेस्ना 172. चार खुर्च्या, एक इंजिन, पुढे एक पंखा. 1955 साली ते पहिल्यांदा उडालं आणि आजवर 44 हजारांच्या वर बनलं. लग्नाच्या वरातीत मिरवायला आणतात त्या दांडग्या जीपगाड्यांच्या इंजिनाहून त्याच्या इंजिनाची ताकद काही फार जास्त नसते. ताशी दोनशे किलोमीटर सहज जातं. यवतमाळहून नागपूर रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एस.टी.त जागेवरून वाद चालू असतो तेवढ्या वेळात माणूस नागपुरात. पुण्यात पाहुण्याने पाय पसरले तर यजमानाने आखडून घ्यावे लागतात अशा फ्लॅटला जे पैसे मोजतात, तेवढ्यात परदेशात असं जुनं, चालतं विमान मिळून जातं.

आता विमान घेणं एक आणि पोसणं एक, हे मला मान्य आहे. दारी हत्ती झुलवायचा तर उसाचाही हिशेब ठेवावा लागतो. त्याला छप्पर लागतं, खास पेट्रोल लागतं, वर्षाची तपासणी लागते, सही करायला परवानाधारक इंजिनियर लागतो. पण म्हणून तर जगभर माणसं चार-पाच जणांत मिळून एक विमान घेतात किंवा क्लब काढतात. वाचकहो, जगाला याचं कौतुक असेल, आपल्याला का असावं? आपल्याकडे भिशी आहे! ज्या बायका वीस जणींच्या भिशीतून मंगळसूत्रापासून मिक्सरपर्यंत सगळं काढतात, त्यांना एक विमान जड आहे? मंगळवारी तुम्ही उडवा, बुधवारी आम्ही. खासगी वैमानिकाच्या परवान्यालाही काही ऋषिमुनींची तपश्चर्या लागत नाही. वय सतरा, शिक्षण दहावी, डॉक्टरचा दाखला, लेखी परीक्षा आणि निदान चाळीस तासांचं उड्डाण. आमच्याकडे दुचाकीच्या लायसनसाठी काही जणांना याहून जास्त तास चकरा माराव्या लागल्या आहेत.

शिवाय लहान म्हणजे क्षुल्लक असंही नाही. जे. आर. डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी परवाना मिळाला, भारतात दिलेला पहिला. 15 ऑक्टोबर 1932 ला ते कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन मुंबईला जुहूला उतरले, ते एका इंजिनाच्या, फटफटीच्या थोरल्या बहिणीसारख्या दिसणाऱ्या पुस मॉथमधून. पुढे एअर इंडिया झाली ती या रोपट्याची. त्या दिवशी कोणी त्यांना झोपेबद्दल विचारलं असतं तर?

"पण भाऊ, उडवान कुठून?" असा पुढचा प्रश्न येतो. अहो, गावाला धावपट्टी आहे! 2009 साली यवतमाळ, नांदेड, लातूर, बारामती आणि धाराशिव असे पाच विमानतळ एका खासगी कंपनीला 95 वर्षांच्या कराराने देण्यात आले. पंच्याण्णव वर्षं! म्हणजे 2104 पर्यंतची सोय. आम्ही आनंदाने कपड्यांना इस्त्री करून ठेवली. पुढच्या दहा वर्षांत यवतमाळहून तिकीट काढून आकाशात गेलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात आला नाही. आम्हाला घाई अशी नाहीच. आमची शकुंतला ही नॅरो गेजची गाडी 1994 पर्यंत कोळशाच्या इंजिनावर चालत होती. तीही आता बंद आहे. पण धावपट्टी म्हणजे काही फक्त दीडशे माणसांच्या विमानाची वाट बघायची जागा नव्हे. मोठी गाडी येत नाही म्हणून कोणी गावच्या रस्त्यावर सायकलला बंदी करतं का? जिथे मोठं विमान परवडत नाही, तिथे फ्लाइंग क्लब परवडतो. नागपूरचा 1947 सालचा. जिल्ह्यातल्या चार पोरांना तिथे नट-बोल्ट हातात धरता आला असता. आणि इथे मला थट्टा जरा बाजूला ठेवावी लागते.

आमच्याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यात, फुलसावंगी नावाचं गाव आहे. तिथे एक चोवीस वर्षांचा मुलगा होता. शाळा आठवीत सुटलेली. पत्र्याची कपाटं नि कूलर बनवायचा, वेल्डिंग करायचा. त्याने मारुती 800 चं इंजिन लावून एका माणसाचं हेलिकॉप्टर बनवलं. दोन वर्षं खपला. शिकला कुठे? मोबाइलवर व्हिडिओ बघून. 15 ऑगस्ट 2021 ला गावासमोर उडवून दाखवायचं त्याच्या मनात होतं. 10 ऑगस्टच्या रात्री चाचणी घेताना मागचं पातं तुटून वरच्या पंख्यावर आदळलं, आणि तो पंखा त्याच्या डोक्याला लागला. तो गेला.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्या देशाला माहीत झाला. सिनेमातल्या हुशार पोराचं नाव त्याला चिकटवलं गेलं. लोक हळहळले. आणि हळहळून झाल्यावर म्हणाले, "कायले गेला होता भलत्या नादाले?"

भलता नाद! वाचकहो, ज्या दोघा भावांनी 17 डिसेंबर 1903 रोजी बारा सेकंद उडून दाखवलं, ते सायकलदुरुस्तीवाले होते. शाळेचा अखेरचा दाखला दोघांकडेही नव्हता. 17 सप्टेंबर 1908 ला त्यांच्यातल्या ऑर्व्हिलच्या विमानाचा पंखा हवेत तुटला, विमान कोसळलं आणि शेजारी बसलेला लेफ्टनंट सेल्फ्रिज मेला. विमान अपघाताचा जगातला पहिला बळी. ऑर्व्हिलची हाडं मोडली. मग अमेरिकेच्या लष्कराने काय केलं? कागद गुंडाळला? नाही. भावांनी काय तुटलं ते शोधलं, दुरुस्त केलं, आणि 1909 मध्ये लष्कराने विमान विकत घेतलं. तुटलेलं पातं तिथेही होतं, इथेही होतं. पण तिथे तुटण्याच्या आधीही आणि नंतरही त्या पात्याकडे बघणारी दुसरी माणसं होती. फुलसावंगीत एकच माणूस होता, आणि बाकीचे आम्ही सगळे प्रेक्षक.

यावर काही विद्वान मला शांतपणे सांगतात की आपल्याकडे हे सगळं पूर्वीच झालेलं आहे. 1895 साली चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं म्हणे. त्या उड्डाणाचा भरवशाचा पुरावा आजवर मिळालेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला देतात, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 1974 मध्येच तपासून लिहून ठेवलं आहे. पण या न उडालेल्या विमानावर व्याख्यान ठेवा, सभागृह भरतं. आणि ज्या पोराने खरंखुरं लोखंड कापलं त्याला भलता नाद! आमचा अभिमान जमिनीपासून चार हजार वर्षं उंच उडतो. चार फूट उंच उडायचं म्हटलं की मात्र पोराच्या लग्नाचं बघायला लागतो.

बरं, परवानगी घेऊन करावं म्हणावं, तर तीही कथा ऐका. मुंबईचे अमोल यादव हे स्वतः विमान कंपनीतले वैमानिक. त्यांनी कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2011 मध्ये नोंदणीसाठी अर्ज केला. 2016 साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते डोळे भरून पाहिलं. नोंदणी मिळाली 2017 मध्ये, आणि चाचणीसाठी उडवायची परवानगी 2019 मध्ये. आठ वर्षं! नोंदणीच्या अक्षरांत त्यांनी पंतप्रधान आणि तेव्हाचे मुख्यमंत्री या दोघांच्या नावांची आद्याक्षरं गुंफली. नैवेद्य दाखवावा तर असा. ज्याला विमान चालवण्याचा पगार मिळत होता त्याला आठ वर्षं लागली, तर आठवीत शाळा सुटलेल्या वेल्डरने कुठल्या खिडकीवर उभं राहायचं?

नियम नकोत असं मी मुळीच म्हणत नाही. उद्या माझ्या गच्चीवर कोणाचं प्रायोगिक हेलिकॉप्टर पडलं तर सर्वांत आधी मीच ओरडेन. तिथे आमच्या सौ.चे पापड वाळत असतात. पण नियम दोन जातींचे असतात. एक म्हणतो, 'करू नको.' दुसरा म्हणतो, 'दाखव, कसं करतोस.' अमेरिकेत हौशी माणसांनी घरी बांधलेली तीस हजारांहून अधिक विमानं नोंदलेली आहेत. तिथे निम्म्याहून जास्त काम स्वतः केल्याचं दाखवायचं, टप्प्याटप्प्याची नोंद ठेवायची, तपासनीस येऊन बघतो. मग पहिले पंचवीस-चाळीस तास वस्तीपासून दूर उडवायचं, उतारू घ्यायचा नाही. म्हणजे मरायचं स्वातंत्र्य नाही. जिवंत राहून चुका करायची सोय.

आणि आपल्याला सोपे नियम करताच येत नाहीत असंही नाही. 25 ऑगस्ट 2021 ला ड्रोनचे नवे नियम निघाले. 25 अर्जांचे 5 झाले, 72 प्रकारच्या शुल्कांचे 4. मी टाळ्या वाजवल्या, कारण 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर पाठीवरच्या पंपाने फवारणी करताना विषबाधा होऊन विसाच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ते औषध वरून, माणसाविना पडणार असेल तर हवंच आहे. फक्त तारीख बघा. फुलसावंगीचा मुलगा गेल्यावर अवघ्या पंधरा दिवसांनी, ज्यात माणूस बसत नाही त्या यंत्राची वाट मोकळी झाली. ज्यात माणूस बसतो त्याची फाईल कुठे आहे?

मला विमान मिळेल न मिळेल. भिशीला सध्या तीन नावं आली आहेत आणि त्यांतल्या एकाला उंचीची भीती वाटते. माझं सोडा. पण महागाव म्हणा, दारव्हा म्हणा, पांढरकवडा म्हणा, कुठल्या तरी टिनाच्या शेडमध्ये आज रात्री कोणीतरी पोरगा पंख्याचं पातं घासत बसला असणार. ही पोरं आपल्याला विचारून बसत नाहीत, आणि आपण हसलो म्हणून उठतही नाहीत. त्याच्या दारावरून जाल तेव्हा झोपेची चौकशी करू नका. आत जा, आणि विचारा: "भाऊ, हे वेल्डिंग दुसऱ्या कोणी तपासलं काय?" आणि 'नाही' म्हणाला, तर तपासणारा माणूस आपल्या जिल्ह्यात का नाही, हे ज्याला विचारायचं त्याला जाऊन विचारा. पुढच्या खेपेला हेलिकॉप्टरची धूळ खायला जाल, तेव्हा विचारलं तरी चालेल. तो उतरलेला असतोच.