वाचनाचे यंत्र घ्यावे का?



आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. गुरुवारचे वाचन गेली कित्येक वर्षे माझ्या सासूबाईंकडे आहे. पस्तिशी उलटल्यावर प्रौढ साक्षरता वर्गात अक्षरे गिरवलेली ही बाई. त्यामुळे चारचौघांत उभे राहून वाचणे ही त्यांच्या लेखी साधी गोष्ट नाही. यंदा मात्र वर्षावासाच्या आधीच त्यांनी विहारात परस्पर सांगून टाकले, “माझा वार दुसऱ्या कुणाला द्या.” दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत, तरी बारीक छपाई दिसत नाही. मला हे शेजारणीकडून कळले, याचे जास्त वाईट वाटले.

मुलगी म्हणाली, “आई, आजीला ई-रीडर घेऊ. अक्षरे हवी तेवढी मोठी होतात.” कचेरीतल्या एका सहकाऱ्याकडे किंडल आहे. ते आठ दिवसांसाठी मागून आणले.

वस्तू चांगली आहे, यात वाद नाही. मोबाईलसारखी डोळ्यांवर तिरीप येत नाही. पडद्याच्या आत काळे-पांढरे बारीक कण असतात, ते विजेने वरखाली होतात आणि पान तयार होते. एकदा पान उमटले की ते तसेच ठेवायला वीज लागत नाही, म्हणून एकदा चार्ज केले की कित्येक दिवस चालते. ओट्यावर उन्हात बसूनही स्पष्ट दिसते. सहकाऱ्याने त्यात घेतलेली एक मराठी कादंबरी सासूबाईंनी मोठ्या अक्षरांत भराभर वाचली. मला वाटले, झाले काम!

पण आमच्याकडे ग्रंथाची जी प्रत होती, ती पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ. फोटोतली अक्षरे यंत्राच्या दृष्टीने अक्षरेच नव्हेत, ते चित्र. चित्र मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते, मग बोटाने उजवीकडे सरकवा, पुन्हा डावीकडे आणा. सहा इंची पडद्यावर सासूबाई दोन ओळींत थकल्या. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड शासनाने 1979 पासून काढले. ते इंग्रजी खंड सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळतात, पण त्यातल्या स्कॅन केलेल्या प्रतींना हीच अडचण. मोठ्या पडद्याचे यंत्र घ्यावे तर किंमत आवाक्याबाहेर.

मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. चांगले यंत्र पंधरा हजारांच्या आसपास धरा. ई-पुस्तक छापील पुस्तकापेक्षा सरासरी शंभर रुपयांनी स्वस्त धरले, तर पैसे वसूल व्हायला दीडशे पुस्तके घ्यावी लागतील. आमच्या घरी वर्षाला दहा-बारा पुस्तके येतात, तीही बहुतेक 6 डिसेंबरला दादरच्या स्टॉलवरून. म्हणजे बारा-पंधरा वर्षे! तोवर यंत्र टिकेल का? शिवाय आमचे पुस्तक वाचून झाले की चार घरांत फिरते. कधी परत येत नाही, तो भाग वेगळा. ई-पुस्तक असे देता येत नाही, आणि ते पूर्णपणे आपलेही नसते. 2009 साली अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने ऑर्वेल यांची ‘1984’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही विकलेली पुस्तके लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत दिले, पण पुस्तक त्या वेळी हातचे गेलेच.

रोज दोन तास लोकलने जाणारा, कादंबऱ्यांचा फडशा पाडणारा कुणी असेल तर त्याने जरूर घ्यावे. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी मात्र विचार करावा. माझ्या मुलीला समासात टिपणे आणि रंगीत रेघा लागतात. आम्ही आणलेल्या यंत्रात चित्रे-नकाशेही काळे-पांढरेच.

शेवटी मुलीने गुरुवारचा भाग संगणकावर टाईप केला, यंत्रात घालून मोठा करून दाखवायला. तो होऊ लागला तेव्हा माझ्या डोक्यात आले, टाईप केलेच आहे तर मोठ्या अक्षरात कागदावरच का काढू नये? कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने अठरा पाने काढून दिली. शंभर रुपयांच्या आत काम झाले. ग्रंथात प्रत्येक विधानाला क्रमांक आहे, तो तसाच ठेवला, म्हणजे ग्रंथ उघडून बसलेल्यांना बरोबर लागते. किंडल सहकाऱ्याला परत केले.

सासूबाई आधी तयारच होईनात. “लोक म्हणतील, म्हातारीला परीक्षेचा पेपर दिला.” तरी गेल्या. आम्ही पानांवर नंबर टाकायला विसरलो होतो. मधेच पंख्याच्या वाऱ्याने चार पाने उडाली. त्या घाबरल्या नाहीत. विधानाचा क्रमांक बघून पान लावले आणि पुढे वाचू लागल्या. घरी येताना मुलीला म्हणाल्या, “पुढच्या गुरुवारचं आजच सुरू कर. आणि दोरा घालून दे गं.”