592 की 472?

मागच्या रविवारी आमच्या बोरिवलीच्या सोसायटीची मीटिंग. विषय : गच्चीवरच्या टाकीचं वॉटरप्रूफिंग. टाकी आतून 12 फूट लांब, 10 फूट रुंद, 8 फूट उंच. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये काम 'आतल्या भिंती व तळ' आणि क्षेत्रफळ 592 स्क्वेअर फूट. मला शंका आली. शेजारची नववीतली मुलगी तिथेच होती, तिला विचारलं. तिने सूत्र पुटपुटत गुणाकार केले आणि म्हणाली, "बरोबर आहे काका, 592!"

सूत्र बरोबर, उत्तर चूक. इष्टिकाचितीचं एकूण पृष्ठफळ म्हणजे सहाही पृष्ठं. इथे काम पाचांचंच : भिंती 352, तळ 120, एकूण 472. वरच्या स्लॅबला हातही न लावता 120 फुटांचे पैसे जाणार होते. आमच्या धंद्यात याला म्हणतात, प्रोग्राम चालतोय, पण काम काय होतं ते कुणी वाचलंच नाही.

दोष मुलीचा नाही. परीक्षेत प्रश्नच 'एकूण पृष्ठफळ काढा' असा येतो. किती पृष्ठं मोजायची हे पेपर काढणाऱ्याने आधीच ठरवलेलं. पोरांकडे उरतो गुणाकार. तो तर मोबाइलही करतो!

मग विचारलं, टाकीत पाणी किती मावेल? "960." 960 काय? ती गप्प. मोठी माणसंही गप्प. (घनफूट. एका घनफुटात सुमारे 28.3 लिटर, म्हणजे साधारण 27 हजार लिटर.) आणि रोज पाण्यावरून भांडणारे आम्हीच! 26 जुलै 2005 च्या पावसाचा सांताक्रूझचा 944 मिलिमीटरचा आकडा आम्हाला तोंडपाठ. पण मिलिमीटर ही पाण्याची उंची, तिला गच्चीच्या क्षेत्रफळाने गुणलं की घनफळ मिळतं, हे कुणाला सुचतं? आमच्या 3000 स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर तेवढा पाऊस पडला तर अशा साडेनऊ टाक्या भरून वर थोडं उरेल.

शिक्षक म्हणतील, पोर्शन संपवायचा की खोकी फाडत बसायचं? अहो, मिठाईचा एक खोका उलगडायला पाच मिनिटं लागतात. समोरासमोरच्या तीन जोड्या डोळ्यांनी दिसल्या की सूत्र पाठ करावंच लागत नाही. झाकण बाजूला ठेवलं की काय वजा करायचं तेही कळतं. आधी सूत्र, मग वस्तू (आणि बहुतेकदा वस्तू नाहीच) हा उलटा कारभार बंद करा.

असो. काल कोटेशन दुरुस्त होऊन आलं : 472. पुढचं बिल तपासायला ती मुलगीच बसणार आहे, हातात टेप घेऊन. तुमच्या सोसायटीचं कोटेशनही एकदा काढून बघाच.