पूर्वजाचे पाठभेद

अकादिया, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियातील जुनी फ्रेंच वसाहत. तेथील पिएर मेलांसोंने १६७१च्या जनगणनेत वय, गुरे, जमीन काहीच सांगितले नाही. १६७७मध्ये बॉस्टनला केलेल्या अर्जात त्याची आई स्वतःला इंग्रज आणि पतीला फ्रेंच प्रॉटेस्टंट म्हणते. १७५५च्या हद्दपारीनंतर फ्रान्समधील बेल-ईल बेटावर वसलेले वंशज १७६७मध्ये शपथेवर सांगतात : मूळ पुरुष स्कॉटलंडचा!

एक नोंद खरी ठरवून उरलेल्या पुसण्याची रीत आम्हांला अमान्य आहे. निर्णय आईच्या साक्षीवरच व्हावा. ती सर्वांत निकटची. परंतु मुलाचे मौन आणि निर्वासितांची चुकलेली स्मृती पाठभेदांप्रमाणे तळटीपेत जपली पाहिजे. कूळ कोठले, हे एका नोंदीतून कळते. ते कसे जगले, हे तिन्हींतून.